कुंडातली शिळा आणि बाबांचे गुडघे

माझ्या बाबांना देवळात नेण्यात काही अर्थ नव्हता. माणसं देवळात गेली की देवाकडे बघतात, बाबा छताकडे बघायचे. घंटा वाजवायची, हात जोडल्यासारखे करायचे आणि मान वर करून दारावरची आडवी शिळा न्याहाळत उभं राहायचं. मागे माणसं खोळंबायची. आई हळूच कोपर मारायची. मग बाबा तिलाच विचारायचे, "ही एवढी शिळा वर नेली कशी असंल गं?" जणू तिच्या माहेरच्यांनीच ती नेली होती आणि ही मुद्दाम सांगत नव्हती.

सत्तरच्या दशकातली ती मधली वर्षं. आम्ही भिवंडीत राहत होतो आणि बाबा लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडला की त्याच्या पोटाखाली शिरून तो चालू करणारा आणि नवा लूम आला की तो जागेवर बसवणारा माणूस. लूम हे लोखंडाचं धूड. ते हलवायला बाबा चार माणसं आणि एक पहार घ्यायचे. पहारेनं एक कोपरा बोटभर उचलायचा, खाली लाकडाची फळी सारायची, मग दुसरा कोपरा, मग तिसरा. त्या फळीला ते 'पॅकिंग' म्हणायचे आणि हा शब्द असा उच्चारायचे की वाटावं, मंत्रच आहे. "उचलायचं नसतं कधी," ते सांगायचे. "नुसतं हलवायचं. हललं की खाली काहीतरी घालायचं. बस्स." याच न्यायानं ते आमच्या घरातलं लोखंडी कपाट महिन्याकाठी इकडून तिकडे न्यायचे आणि आई ते परत जागेवर आणवायची.

जन्मभर लूमखाली उकिडवं बसून त्यांचे गुडघे मात्र कामातून गेले होते. पन्नाशी गाठायच्या आधीच ते वाकेनासे झाले. बाबा पाय लांब करून भिंतीला टेकून जेवायचे आणि वर म्हणायचे, की असं जेवलं की अन्न सरळ उतरतं.

लोनाडला महादेवाचं जुनं देऊळ आहे. आमच्या भागात त्याच्याबद्दल विचारलं तर एकच उत्तर मिळायचं: पांडवांनी एका रात्रीत बांधलं. बाबांना हे अजिबात मान्य नव्हतं. "एका रात्रीत म्हणजे नाइट शिफ्ट," ते म्हणायचे. "पाच माणसं. त्यातला एक धर्मराज, तो उचलणार काय, नुसतं खरं बोलणार. बदली कामगार कोण होतं?" शाळेतल्या आमच्या इतिहासाच्या बाईंनी सांगितलं होतं, की जुने लोक भिंतीच्या उंचीपर्यंत मातीचा उतार करायचे, त्यावरून दगड ओढत वर न्यायचे आणि मग माती काढून टाकायचे. मी मोठ्या ऐटीत हे बाबांना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "असंल. पन ती माती मग कुठं गेली?" पुढचा महिनाभर ते भिवंडीच्या आसपासची प्रत्येक टेकडी संशयानं बघत होते. आईचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, दगड बायकांनीच वाहिले असणार, पुरुष खाली उभे राहून कसे वाहिले असतील याची चर्चा करत असणार.

मला बघायला मुलाकडचे आले त्या दिवशीही हा विषय सुटला नाही. मी आत पोह्यांची बशी घेऊन तयार आणि बाहेर बाबा पाहुण्यांना स्वयंपाकघरातला पाटा आणि लोखंडी उलथनं घेऊन प्रात्यक्षिक दाखवत होते. होणारे सासरे डुलक्या घेत होते. मुलगा मात्र खुर्चीवरून उतरला, नवी पँट घालून चक्क जमिनीवर बसला आणि म्हणाला, "टेकू अजून जवळ घेतला तर?" टेकू म्हणजे पहारेखाली जो दगड किंवा ठोकळा ठेवतात तो. बाबांनी टेकू जवळ घेतला. पाटा टुणकन उठला. बाबांनी आत वळून आईला सांगितलं, "पोरगा चांगला हाय." मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हेच म्हणाले असते, कारण पँटला धूळ लागली तरी त्यानं ती झटकली नव्हती.

लग्न ठरलं, माघातला मुहूर्त निघाला आणि घरात पहिल्यांदा कुणाच्या तरी लक्षात आलं, की कन्यादानाला मुलीच्या बापाला पाटावर मांडी घालून बसावं लागतं.

आमच्याकडे याला तोड होती. बापाला जमत नसेल तर काका-काकू बसतात. माझा काका अंबाडीच्या अलीकडे आमच्या गावी शेती करायचा. बाबांहून धाकटा, काटकुळा. तो कुठेही, कशावरही, चहाचा कप न सांडता मांडी घालून बसायचा. बाबांच्या मते तो हे मुद्दाम करायचा. गावाहून आला की दारातच फतकल मारायचा आणि बाबा भिंतीला टेकून लांब पाय करून त्याच्याकडे बघत राहायचे.

"मी बसंन की, दादा," काका एकदा सहज म्हणाला. "तू आपला खुर्चीत बस. त्यात काय?"

तो गेल्यावर बाबांनी भांड्यावर भांडं आदळलं. "माझ्या पोरीचा हात हा देनार? आनि देवाबामनासमोर खुर्चीत बसायला मी काय कलेक्टर हाय?" मी हसले, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला रडू आलं. मलाही काकाच्या हातातून माझा हात द्यायचा नव्हता. काका चांगला होता, पण तो माझा बाप नव्हता.

बाबांचा उपाय ठरलेला होता. वज्रेश्वरीजवळ अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत, ती सगळ्यांना माहीत आहेत. पण बाबांचा विश्वास त्यांच्यावर नव्हता. तिथं गर्दी, साबण, आणि पाण्यात बसून कण्हताना ओळखीचं कुणी ना कुणी भेटणार. नदीच्या अंगाला जरा खाली आणखी एक लहान, बिननावाचं कुंड होतं. माझ्या आजोबांचे गुडघे म्हणे त्याच कुंडात बसून सुटले होते. त्या गावात आमची आत्या दिली होती, बाबांची थोरली बहीण. तिच्याकडे राहायचं, दर सुट्टीला कुंडात गळ्यापर्यंत बसायचं, माघापर्यंत मांडी घालायची. सगळं जुळलं होतं. दिवाळीनंतर बाबा एसटीनं गेले आणि संध्याकाळी कोरडेच परत आले.

पावसाळ्यात तानसा नदीला पूर आला होता. त्यानं वरच्या अंगाच्या कुठल्याशा पडक्या देवळातली एक भली मोठी घडीव शिळा वाहून आणून नेमकी त्या कुंडात कलती टाकली होती. कुंड भरून गेलं होतं. माणूस बसायला जागा नव्हती.

वाईट वाटायला हवं होतं, पण बाबांचे डोळे चमकत होते. "दारावरची आडवी शिळा हाय गं," ते आईला सांगत होते. "एका बाजूला कमळ कोरलंय. म्हंजे ज्यांनी ती वर चढवली, ती माणसं होती खरी!" आई म्हणाली, "आता तुम्ही ती खाली उतरवा म्हंजे झालं." "खाली न्हाय, वर," बाबा म्हणाले. "कुंडातून वरच काढायची हाय." आईनं कपाळाला हात लावला.

बाबा ज्यांच्या कारखान्यात होते ते मालक कोकणी मुसलमान, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. त्यांनी कारखान्यातली चेन-कुप्पी देऊ केली. साखळी ओढली की वजन वर येतं ते यंत्र. पण ते टांगायला वर काहीतरी लागतं, आणि कुंडाच्या काठावर ना झाड होतं, ना तुळई. "जुन्या लोकांकडं तरी कुठं चेन होती?" बाबा म्हणाले. यावर चाचांनी मान डोलावली आणि जीप काढायला सांगितली. त्यांना दगडापेक्षा त्या बाजूच्या गरम पाण्यात आणि आत्याच्या हातच्या भाकरीत जास्त रस होता, हे ते लपवत नव्हते.

भातकापणी उरकली तेव्हा एका रविवारी सकाळी आम्ही सगळे तिथं जमलो. आई, मी, बाबा, चाचा, गावातली जाडजूड चार-सहा माणसं आणि काका. काकानं घरून सागाचा एक लांबलचक वासा बैलगाडीत घालून आणला होता. बाबांनी तो आडवा-उभा तपासला आणि खोट सापडेना म्हणून म्हणाले, "जरा लांब हाय." कुंडावर वाफ तरंगत होती. शिळा पाण्यात अर्धी बुडालेली, शेवाळानं हिरवी. बाबांनी काठावर फिरून टेकूसाठी एक दगड निवडला: खाली रुंद, वर गोलसर, कमरेच्या पाऊण उंचीचा. तो त्यांनी आणि काकानं लोटत लोटत जागेवर बसवला. "असा टेकू मिळायला नशीब लागतं," बाबा म्हणाले आणि दोर आणायला जीपकडे गेले. ही त्यांची पहिली चूक.

आमच्याकडे विहीर खणायची असो, झाड पाडायचं असो, आधी त्याची परवानगी घेतात. हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, सांगायचं की बाबा रे, तुला हलवतोय, राग धरू नको. आत्या ताट घेऊन आली. शिळा गरम पाण्यात. तिथवर जायचं तर लुगडं भिजणार, पाय पोळणार. आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. काठावर एक सुरेख, गोलसर, देवासारखाच दिसणारा दगड कुणीतरी नुकताच नीट बसवून ठेवला होता. तिनं त्याला तेल-शेंदूर थापला, कुंकू लावलं, फूल ठेवलं, नारळ फोडला आणि डोळे मिटून हात जोडले.

बाबा दोर घेऊन आले तेव्हा सगळ्यांनी वहाणा काढल्या होत्या.

"बाय, हे काय केलंस?" बाबा ओरडले. थोरल्या बहिणीला ते बाय म्हणायचे.

"दगराला इचारल्याशिवाय हात लावाचा न्हाय," आत्या म्हणाली. "इचारला."

"अगं, पन हा टेकू हाय! उचलायचा दगड तो!"

"आता ह्यो देव हाय," आत्या म्हणाली. "देवाच्या टालक्यावर वासा ठेवतंस, बाला? आपल्या बापानं असा शिकवला?"

गावची माणसं मागे सरली. बाबांनी चाचांकडे बघितलं. चाचांनीही चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. ते गंभीरपणे म्हणाले, "भाई, अब ये पत्थर ड्यूटी पे नहीं है. रिटायर हो गया." मी तोंडाला पदर लावला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पदर काढला.

दुसरा टेकू शोधायला माणसं पांगली. कुणी लहान आणला, कुणी ठिसूळ. एक तर वासा टेकवताच फुटला. ऊन वर चढायला लागलं. दुपारनंतर माणसं आपापल्या खळ्यावर जाणार होती आणि पुन्हा अशी सगळी जमतील तेव्हा माघ उलटून गेला असता. बाबा काठावर पाय लांब करून बसले. त्यांचा तो उतरलेला चेहरा बघून माझं हसू पळालं. शेवटी आत्यालाच दया आली. "कौल लाव," ती म्हणाली. "देव हो म्हनला तर टेकव वासा."

कौल म्हणजे देवाला लावलेलं फूल. उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. आत्यानं तगरीचं एक फूल दगडाच्या माथ्यावर लावलं आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो. पण फूल होतं ओलं आणि शेंदूर होता तेलातला. ते चिकटलं ते चिकटलंच. अर्धा-पाऊण तास आम्ही सारे एका फुलाकडे बघत होतो. चाचांनी मध्येच विचारलं, की भाकऱ्या कौलाच्या आधी की नंतर.

बाबा सरकत सरकत दगडाशेजारी जाऊन बसले. चेहरा भक्तिभावानं भरलेला. मला तेव्हाच शंका आली, कारण असा चेहरा त्यांचा लोनाडला कधी झाला नव्हता. मग त्यांना खोकला आला. बारीक नाही, चांगला छाती फोडून आला, आणि नेमका फुलाच्या दिशेनं आला. फूल हललं, घसरलं आणि टपकन पडलं.

डावीकडे.

आयुष्यभर ज्यानं कुठल्या बाजूनं रेटलं की काय कुठे जातं हेच पाहिलं, तो माणूस देवाच्या उजव्या हाताला बसून खोकला होता. फूल दुसरीकडे जाणार नाही तर काय होणार? आईनं नुसते डोळे मिटले. आत्या ताट आवरायला लागली. "झाला. देव न्हाय म्हनला."

तेव्हा काका उठला. तो इतका वेळ अर्थातच मांडी घालून बसला होता. त्यानं दगडाला एक प्रदक्षिणा घातली, नदीकडून बघितलं, काठाकडून बघितलं आणि आत्याला विचारलं, "बाय, देवाचं तोंड कुठल्या बाजूला हाय?"

"मी हितं उभी ऱ्हाऊन पूजा केली," आत्या म्हणाली. "म्हंजे माझ्याकरं."

"अगं, समोर नदी. आपला कुठला देव नदीकडं पाठ करून बसतो? ह्यो नदीकडं तोंड करून बसलाय. तू पाठीमागून पूजा केलीस त्याची."

आत्याचा चेहरा पांढरा पडला. देवाच्या पाठीला कुंकू लावलं होतं तिनं! तिनं लुगडं वर खोचलं, ताट उचललं आणि थेट कुंडाच्या उथळ कडेला उतरली. गरम पाण्यात एक पाय टाकत, एक उचलत तिनं देवाची दुसऱ्या बाजूनं नव्यानं पूजा केली. हळदकुंकवाआधी चार वेळा "आई गं" म्हणाली. आणि देवानं तोंड फिरवलं म्हटल्यावर डावीकडचं फूल आपोआप उजवीकडे पडलेलं ठरलं.

"हो म्हनला," आत्या काठावर येऊन धापा टाकत म्हणाली. "पन देवाला लागला नाय पायजे." तिनं घरून गोधडी आणवली, चौपदरी घडी करून देवाच्या माथ्यावर घातली आणि मगच वासा टेकवू दिला.

बाबांनी काकाकडे बघितलं. काका वाशाला दोर बांधत होता, जणू काही झालंच नव्हतं. काकानं आपल्यासाठी हे केलं, हे बाबांना कळलं होतं आणि ते त्यांना थोडं जडही जात होतं. "गाठ नीट मार," ते एवढंच म्हणाले.

मग काम सुरू झालं आणि त्याची मला थट्टा करता येत नाही. वाशाचं आखूड टोक शिळेखाली, मधे गोधडीवाला देव, लांब टोकाला माणसं. बाबा ओरडायचे, "हलवा!" सगळे लोंबकळायचे आणि ते अवजड धूड खरंच बोटभर वर यायचं. त्याच क्षणी एक जण पाण्यात उतरून खाली फळी सारायचा आणि पाय भाजल्यासारखा उड्या मारत बाहेर यायचा. मग दुसरी बाजू. मग पुन्हा पहिली. फळी, तिच्यावर फळी, मग ओंडके, मग सपाट दगड. शिळा एकदाही उचलली गेली नाही. ती नुसती हलत गेली आणि खाली काहीतरी साठत गेलं. बाबा स्वतः सारखे पाण्यात जात होते. पँट गुडघ्यापर्यंत वळलेली, पाय लालबुंद. आई काठावरून म्हणाली, "दगड निघो न निघो, गुडघे शेकून झाले." ऊन कलताना शिळा काठाच्या पातळीला आली. तिच्याखाली गोल ओंडके घातले आणि माणसांनी ती लोटत दूर नेली. रिकामं कुंड भरभरून वाफाळत होतं.

सगळे भाकरीकडे गेले. बाबा शिळेपाशीच होते. मी बोलवायला गेले तर ते तिच्या खालच्या कडेवर हात फिरवत होते. शेवाळ खरवडलेल्या जागी दगडात छिन्नीनं पाडलेली एक खाच होती. बोटं आत जातील एवढी, कोरीवकामाशी काही संबंध नसलेली.

"पहारेची खाच," ते हळू आवाजात म्हणाले. "हितंच लावली असंल त्यांनी पहार. हलवली, खाली काहीतरी घातलं. माझ्यासारखंच, बघ."

आई मागून आली होती. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. ती त्यांच्याजवळ उभी राहिली, तिनंही खाचेत बोटं घालून बघितली आणि म्हणाली, "भेटली ना तुमची माणसं? चला आता जेवायला." त्या दिवशी बाबा दोन भाकऱ्या जास्त जेवले.

त्यानंतर दर सुट्टीला ते कुंडात जाऊन बसले. सोमवारी कारखान्यात गंधकाचा वास यायचा, असं चाचा सांगायचे. रात्री जेवण झालं की आई पाट मांडायची आणि मांडीची तालीम व्हायची. बाबा दाराची चौकट धरून इंचाइंचानं खाली जायचे, चेहरा वाकडातिकडा करायचे आणि पाटावर बसले की विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघायचे. आधी एक पाय बाहेर राहायचा. मग तोही आत आला. पुढं पुढं तर ते मांडी घालून, पाय हलवत, पानसुद्धा खायला लागले. काका आला त्या दिवशी ते त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि उगाचच बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले. काका म्हणाला, "दादा, काय मस्त बसलास!" बाबा म्हणाले, "मग? त्यात काय?"

लग्न आमच्या गावी झालं. मांडव अंगणात होता. धवलारीण, आमच्याकडे लग्नात गाणी म्हणणारी बाई, खड्या आवाजात धवले गात होती. कन्यादानाची वेळ आली आणि मी खालच्या मानेनं फक्त बाबांच्या पायांकडे बघत होते. ते पाटाशी आले, आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली गेले. न कण्हता. मांडी घातली. माझ्या बापाची मांडी मला त्या दिवशी सगळ्या दागिन्यांपेक्षा सुंदर दिसली. आईनं झारीतून धार सोडली. पाणी बाबांच्या ओंजळीतून माझ्या ओंजळीत, तिथून नवऱ्याच्या ओंजळीत पडत होतं. बाबांचे गुडघे जमिनीला टेकून घट्ट होते.

विधी उरकला, अक्षता उधळल्या गेल्या आणि पंगतीची हाक आली. क्षणात मांडव रिकामा झाला. नवरा मुलगा मित्रांनी ओढून नेला, आई विहिणीच्या मागे धावली. बाबा पाटावरच होते. कुणी म्हटलं, "चला जेवायला," तर ते म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढं. मी जरा मांडव बघतो." मांडवात बघण्यासारखं काही नव्हतं.

बसायची तालीम झाली होती. घरी ते उठायचे खिडकीचे गज धरून. मांडवाला खिडकी नव्हती.

काका ताटं घेऊन चालला होता. त्यानं बाबांकडे एकदा बघितलं, ताटं दुसऱ्याच्या हातात दिली आणि येऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. दोघं भाऊ गप्पा मारत बसल्यासारखे बसून राहिले. आल्यागेल्याला वाटत होतं, भाऊ भाऊ बसलेत. पंगतीमागून पंगती उठल्या आणि ते तसेच बसलेले होते.

पाठवणीची वेळ झाली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. मी बाबांच्या पाया पडायला वाकले आणि पाया पडायला पायच नव्हते, ते मांडीखाली दुमडलेले होते. बाबा ओशाळून हसले. "पाटाला हात लाव," ते म्हणाले, "पोचतंय."

मी शालू सावरला, त्यांच्यासमोर खाली बसले आणि त्यांच्या काखेत दोन्ही हात घातले. काकानं मागून धरलं. आजूबाजूच्या बायका ओरडल्या, अगं नवरी तू, चुडा फुटेल, पुरुषांना बोलवा. मी ऐकलं नाही. "टाका भार," मी म्हटलं. ते टाकेनात. मला पेलायचं नाही म्हणून ते स्वतःच स्वतःला उचलायची धडपड करत होते. "बाबा, टाका," मी रागावून म्हटलं.

मग त्यांनी टाकला. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितल्या, त्या माझ्या बापानं त्या दिवशी पहिल्यांदा आपला सगळा भार माझ्यावर टाकला, आणि बाहेर मला न्यायला गाडी उभी होती.